परक्याला आत घेताना

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी वर्ध्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गात शिकते. तिचे आजोबा रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्यामागे राहिलेल्या ट्रंकेत तिला एक जुने इंग्रजी बायबल सापडले. इंग्रजी सुधारावे म्हणून ती रोज त्यातील एक पान वाचते. गेल्या वर्षी आगमनकाळाच्या थोडे आधी, मिस्सा आटोपून मी व्हरांड्यात उभा असताना ती ते पुस्तक घेऊन आली आणि काहीशा संकोचाने म्हणाली, "फादर, रागावणार नसाल तर एक विचारू? आमच्या मॅडमनी परवा 'टेक इन' या क्रियापदाचा अर्थ 'फसवणे' असा लिहून दिला. आणि इथे तर प्रभू येशू म्हणतो आहे की मी परका होतो आणि तुम्ही मला 'टेक इन' केले. मग लोकांनी येशूला फसवले म्हणून त्यांना स्वर्ग मिळाला का?"

मी मोठ्याने हसलो. तीही हसली. "दोन्ही अर्थ बरोबर आहेत बाळ, जागा पाहून अर्थ घ्यायचा," असे शिक्षकी उत्तर देऊन मी तिची बोळवण केली. परंतु त्या रात्री मला झोप लागेना. तिने अजाणता माझ्या आयुष्यातील एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवले होते. माझ्या घराच्या दारात हे दोन्ही अर्थ मी भोगलेले आहेत, आणि दोहोंमधील अंतर किती थोडे असते हे मला फार महाग पडून कळले आहे.

आधी त्या शब्दाकडे पाहू. 'टेक' म्हणजे घेणे आणि 'इन' म्हणजे आत. दोन साधे, लहान मुलालाही ठाऊक असलेले शब्द; पण एकत्र आले की कुटुंब केवढे वाढते पाहा. निराश्रिताला घरात घेतले तर 'टेक इन'. व्याख्यान ऐकून ते मनात उतरले तर 'टेक इन'. शिंप्याने सैल झालेला कपडा टाके घालून आत घेतला तरी 'टेक इन'. (माझा झगा आमच्या शिंप्याने गेल्या वर्षी दोन्ही बाजूंनी आत घेतला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य मी पाळतो आहे याचा धर्मग्रामाला पुरावा मिळाला.) आणि कोणी थापा मारून आपल्याला गंडवले तरीही 'टेक इन'च. विद्यार्थ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. फसवणुकीच्या अर्थाने हे क्रियापद बहुधा कर्मणी रूपात येते. अमक्याने तमक्याला फसवले असे म्हणण्यापेक्षा तमका अमक्याच्या बोलण्याने 'टेकन इन' झाला, असे इंग्रज म्हणतो. म्हणजे फसवणाऱ्यापेक्षा फसलेल्यावर प्रकाशझोत अधिक. मला यात मोठे शहाणपण दिसते. ते पुढे सांगेन.

आपल्या मराठीत फसवण्याला शब्दांचा तोटा नाही. आपण टोपी घालतो, शेंडी लावतो, चुना लावतो, गंडा घालतो, तोंडाला पाने पुसतो. नीट पाहिले तर यातील बरेचसे उपचार पाहुण्याचे किंवा नवरदेवाचे आहेत! डोक्याला टोपी, मनगटाला गंडा, समोर पानसुपारी. ज्याला लुबाडायचे त्याचा आधी सत्कार करावा, अशीच जणू आपल्या भाषेची रीत. आमच्या कापसाच्या मुलखात वजनात लबाडी करणाऱ्याला 'काटा मारतो' म्हणतात. त्या शब्दाला मात्र सत्काराची चव नाही, त्यात शेतकऱ्याच्या पायात रुतलेल्या काट्याचीच कळ आहे. पण इंग्रजी 'टेक इन'च्या अगदी जवळचा मराठी शब्द मला विचाराल तर मी 'विश्वासात घेणे' हा सांगेन. आई मुलीला विश्वासात घेते, आणि वर्तमानपत्रातला भामटाही वृद्ध जोडप्याला 'विश्वासात घेऊन' दागिने लांबवतो. शब्द तोच आणि दारही तेच. फरक एवढाच की एकजण आत घेऊन दार लावतो ते थंडी बाहेर राहावी म्हणून, आणि दुसरा लावतो ते तुम्हाला पळता येऊ नये म्हणून.

शुभवर्तमानातील मूळ शब्द मात्र निष्पाप आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, जिथे राजा मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो, तिथे ग्रीक भाषेत 'सिनागो' या धातूचे रूप आले आहे. त्याचा अर्थ एकत्र आणणे, गोळा करणे. यहुदी लोकांच्या सभास्थानाला 'सिनॅगॉग' म्हणतात ते याच धातूवरून. म्हणजे परक्याला नुसती पथारी पसरायला जागा द्यायची नाही, तर त्याला आपल्या मेळ्यात मिळवून घ्यायचे. संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये त्यासाठी 'कोल्लिगेरे' हे क्रियापद वापरले. इंग्रजीतील 'कलेक्ट' हा शब्द त्याच घराण्यातला. आमच्या मंडळींना मिस्सेतील 'कलेक्शन' बरोबर आठवते. पण पैशाआधी माणसे गोळा करायची होती, हे आम्हा धर्मगुरूंनाही कधीकधी आठवत नाही. इंग्रजी भाषांतरकारांनी, जुन्या कॅथोलिक ऱ्हाइम्स प्रतीत आणि १६११ सालच्या किंग जेम्स प्रतीतही, 'टेक इन' हे शब्द योजले. पुढे फसवणुकीचा अर्थ बोलभाषेत इतका रुळला की या वचनावर इंग्रजीत धर्मशाळावाल्यांची आणि खाणावळवाल्यांची थट्टा होऊ लागली. नव्या भाषांतरांत आता बहुधा 'स्वागत केले' अशा अर्थाचे शब्द आढळतात.

आपल्याकडे या थट्टेचा चित्रपटच निघाला आहे. १९८८ साली आलेला 'अशी ही बनवाबनवी' कोणत्या मराठी घराने पाहिला नाही? पुण्यात चार तरुणांना राहायला जागा नाही; घरमालकीण लग्न झालेल्या जोडप्यांनाच जागा देणार; म्हणून दोघे लुगडी नेसतात. ती बिचारी त्यांना आत घेते आणि ते तिला आत घेतात! आपण पोट धरून हसतो, कारण शेवटी सारे गोड होते. पण पवित्र शास्त्रात अशीच एक कथा आहे, तिथे हसू येत नाही. याकोब भावाच्या भीतीने पळून मामाकडे गेला. लाबानाने धावत येऊन त्याला मिठी मारली, त्याचे चुंबन घेतले, त्याला घरात घेतले. त्याच घरात सात वर्षे राबवून घेतल्यावर राहेलऐवजी लेआ त्याच्या पदरात टाकली. आणि हा याकोब तरी कोण? आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद लुटून आलेला. आश्रय आणि फसवणूक एकाच छपराखाली नांदतात, हे उत्पत्तीच्या पुस्तकाला ठाऊक होते.

आता माझी गोष्ट.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेही याच वर्धा जिल्ह्यात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तिन्हीसांजेच्या प्रार्थनेची वेळ होत असता, एक चाळिशीतला गृहस्थ दारात आला. अंगावर स्वच्छ पण विटलेला सदरा, गळ्यात जपमाळ, हातात शिक्का मारलेले एक पत्र. तो दूरच्या एका धर्मग्रामातील कॅथोलिक असून त्याची बायको सेवाग्रामच्या रुग्णालयात आहे आणि पैसे संपले आहेत, असे त्याने सांगितले. पत्रात तेच लिहिले होते. त्याला सारी उत्तरे तोंडपाठ येत होती. जपमाळेची रहस्ये तो माझ्यापेक्षा संथ आणि भक्तीने म्हणे. मी त्याला पाच दिवस ठेवून घेतले. रविवारी तो पुढच्या बाकावर बसला होता, आणि मी त्याच्याकडे पाहत आतिथ्यावर प्रवचन केले. आज ते आठवले की कान तापतात. मी नाव घेतले नाही. पण आपल्या फादरांनी एका परक्याला घरात घेतले आहे हे कळल्यावाचून कोणी घरी गेले नाही. मिस्सेनंतर दोघा-तिघांनी माझा हात हातात घेतला. मला फार बरे वाटले.

सहाव्या दिवशी सकाळी तो नव्हता. कार्यालयाच्या कपाटातील ७,४०० रुपयेही नव्हते. गोठ्याच्या सजावटीसाठी आणि वसतिगृहातील मुलांच्या स्वेटरसाठी घराघरांतून जमवलेले ते पैसे. माळीबुवांची सायकल दोन दिवसांनी वर्धा स्टेशनाच्या सायकलस्टँडवर मिळाली. रुग्णालयात चौकशी केली तेव्हा त्या नावाची बाई तिथे नव्हतीच. पत्राखाली ज्यांची सही होती, त्या धर्मगुरूंना फोन केला; त्यांनी असे पत्र कधी दिलेच नव्हते.

आमच्या स्वयंपाकाच्या मावशी चुलीपाशी बसून एवढेच म्हणाल्या, "पाच दिस माह्या हातचं पिठलं-भाकर खाल्लं त्यानं, पन एक डाव माह्या डोयात पाह्यलं नाही जी. मले तवाच वाटलं होतं."

"मग मावशी, तुम्ही मला बोलला का नाही?"

"तुमी प्रवचनात सांगून राहिले होते ना फादर. म्या कशी बोलू?"

या उत्तरात माझ्या फसण्याचे सारे कारण आले. त्या माणसाने मला फसवले हे खरे. पण त्याच्या आधी मी स्वतःला फसवले होते. मी त्याला घरात घेतले त्याहून अधिक माझ्या औदार्याच्या चित्रात घेतले होते. त्याची बायको खरोखर रुग्णालयात आहे का, तिला भेटावे, प्रार्थना करावी, हे पाच दिवसांत माझ्या मनात आले नाही. आठ किलोमीटरवर रुग्णालय! त्या बाईपाशी मी एकदा जरी गेलो असतो तरी लबाडी उघडी पडली असती. म्हणजे दया थोडी अधिक खरी असती तर ती फसलीही नसती. म्हणूनच मला वाटते, इंग्रजी भाषा प्रकाशझोत फसलेल्यावर टाकते ते उगाच नव्हे.

पैसे धर्मग्रामाने पुन्हा जमवले. मुलांना स्वेटर मिळाले. कोणी मला टाकून बोलले नाही. पण मी बदललो. व्हरांड्याला लोखंडी चॅनल गेट बसवले. बाहेरच्या व्यक्तीस मुक्कामाची परवानगी नाही, अशी पाटी रंगवून घेतली. धर्मग्राम मंडळाने ठराव संमत केला आणि मी त्याखाली सही करताना मनातल्या मनात म्हणालो, आता मी शहाणा झालो.

दोन वर्षांनी जानेवारीत, कडाक्याची थंडी पडली असता, रात्री नवाच्या सुमारास गेट वाजले. बाहेर एक म्हातारा शेतकरी उभा होता. धोतर, अंगावर एकच घोंगडी, हातात रुग्णालयाचे कार्ड. "फादरजी, बाईले दवाखान्यात भरती केलं हाय. तिथं आत झोपू देत नाही. रातभर पडाले जागा भेटन काय जी?"

मी गेटच्या आतूनच ते कार्ड पाहिले. नीट पाहिले नाही. पूर्वीच्या माणसाकडेही पत्र होते, एवढेच मला दिसले. मी पाटीकडे बोट दाखवले, नियम सांगितला, आणि गजांतून पन्नासाची नोट पुढे केली. त्याने ती घेतली नाही. "पैशे नको जी. जागा पायजे होती," असे म्हणून तो वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच एका कुटुंबातील आजीला तैलाभ्यंग देण्यासाठी मी सेवाग्रामला गेलो. वॉर्डात शिरलो तो चौथ्या की पाचव्या खाटेपाशी तोच म्हातारा उकिडवा बसलेला. खाटेवर त्याची बायको, पोटाचे ऑपरेशन झालेली. रात्री तो पायी परतून रुग्णालयाच्या बाहेर झाडाखाली बसून राहिला होता. मला वाटले, आता जमीन दुभंगावी. पण त्याने मला ओळखले, तो उठला, खाटेखालचे स्टूल ओढून आपल्या पंच्याने पुसले आणि म्हणाला, "बसा जी." मग ग्लासातील चहा बशीत ओतून बशी माझ्यापुढे केली आणि ग्लास बायकोच्या उशाशी ठेवला. मी क्षमा मागू लागलो, तर म्हणाला, "तुमचंबी बरोबर हाय. लोक लय फसोते आजकाल." जाताना मात्र म्हणाला, "हिच्यासाठी तुमच्या देवाले सांगा जी."

मी त्या खाटेपाशी उभा राहून प्रार्थना केली. मी धर्मगुरू, माझ्याकडे चार खोल्या. त्याच्याकडे एक स्टूल आणि अर्धा ग्लास चहा. आणि आत घेतले ते त्याने मला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा त्या खाटेवर दुसरे कोणी होते. त्याचे गाव विचारायचे राहून गेले. या गोष्टीचे पापनिवेदन मी केले आहे आणि क्षमाही मिळाली आहे. तरी कडाक्याची थंडी पडली की तो आवाज ऐकू येतो.

ज्याने ७,४०० रुपये नेले त्याने माझे किती नेले, हे मला त्या दिवशी कळले. पैसे ही लहान चोरी होती. खरी चोरी झाली ती पुढच्या माणसाच्या जागेची. फसवणारा माणूस आपल्यामागे येणाऱ्या प्रत्येक खऱ्या गरजवंताचे दार लावून जातो. पण कडी मात्र आपण आपल्या हाताने घालतो.

मग काय करावे? फसत राहावे, की दार लावून घ्यावे? सेमिनरीत शिकलेली काही पुस्तके मी पुन्हा उघडली, आणि आश्चर्य असे की आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही हाच प्रश्न पडला होता. 'डिडाखे', म्हणजे प्रेषितांची शिकवण, हा पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा एक लहानसा ग्रंथ आहे. अनेक शतके तो हरवलेला होता. १८७३ साली कॉन्स्टॅन्टिनोपल येथे त्याचे ग्रीक हस्तलिखित सापडले आणि १८८३ साली ते छापले गेले. त्यात प्रवासी उपदेशकांविषयी नियम आहेत. येणाऱ्याचे प्रभूप्रमाणे स्वागत करा. पण तो एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. जाताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवा; त्याहून अधिक राहायचे असेल तर त्याने काम करावे. काम न करता बसून खाऊ पाहणाऱ्याला त्या ग्रंथाने 'ख्रिस्ताचा व्यापार करणारा' अशा अर्थाचे नाव ठेवले आहे. माझ्या पाहुण्याला हे माप लावले असते तर त्याला तिसऱ्या दिवशी माळीबुवांबरोबर कुदळ घ्यावी लागली असती!

संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील मठ-नियमांतही असेच आहे. आलेला पाहुणा ख्रिस्त म्हणून स्वीकारावा. मात्र शांतीचे आलिंगन देण्याआधी त्याच्यासह प्रार्थना करावी, कारण सैतानही वेष घेऊन येतो. आणि मठाच्या दारावर कोणाला बसवावे? वयाने पोक्त, जाणता माणूस, ज्याला निरोप घेता येतो आणि देता येतो. म्हणजे दार उघडे, पण दारात शहाणा माणूस. दारात नुसती पाटी नव्हे. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना साप आणि कबुतर या दोघांचेही गुण अंगी बाणवायला सांगितले. आम्ही सोयीप्रमाणे एकाच प्राण्याची निवड करतो.

पण मला सर्वांत धीर दिला तो यहोशवाच्या पुस्तकातील गिबोनी लोकांनी. जवळच राहणारे हे लोक दुरून आल्याचे सोंग करतात. बुरसलेली भाकर, ठिगळ लावलेले बुधले, झिजलेल्या वहाणा घेऊन येतात. आणि यहोशवा देवाला न विचारता त्यांना अभयवचन देऊन बसतो. तीन दिवसांनी सोंग उघडे पडते. लोक चिडतात. पण पुढारी दिलेले वचन मोडत नाहीत. गिबोन्यांना लाकडे तोडायला आणि पाणी भरायला लावतात, म्हणजे कामाला लावतात. आणि पुढे पाच राजे गिबोनावर चालून आले तेव्हा हाच फसलेला यहोशवा रात्रभर चालून त्यांच्या रक्षणाला धावतो. ज्याने फसवले त्यालाही शेवटी आत घेतले. पहिल्या अर्थावर दुसऱ्या अर्थाने मात केली.

आमच्या वर्ध्याला तर या पहिल्या अर्थाची परंपराच आहे. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर तेव्हाच्या अस्पृश्यांना खुले केले. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना महारोगाने गाठले होते, आणि त्या काळी महारोग्याला घरात घेणे म्हणजे साऱ्या घराने वाळीत पडणे. आश्रमात इतर माणसे होती, त्यांच्या आरोग्याची जबाबदारी होती. नाही म्हणायला कारणे भरपूर होती. तरी गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, जवळच कुटी दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केली. ती परचुरे कुटी सेवाग्रामला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहावी. मी आमच्या मुलांना दरवर्षी तिथे नेतो.

इथे एक आरसा आम्हा ख्रिस्ती लोकांपुढेही धरला पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात हिंडून शेकडो उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. आमचा वर्धा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच होता. त्या मुली आत घेतल्या म्हणून जगल्या. पण त्याच रमाबाईंच्या पुण्यातील शारदा सदनावर त्याआधी, १८९३ साली, आश्रयाच्या नावाखाली मुली बाटवल्या जातात असा आरोप झाला. सल्लागार मंडळी दूर झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण प्रश्न आपल्यापुरता मला टाळता येत नाही. मी भाकर देतो तेव्हा भाकरीत गळ तर लपवलेला नाही ना? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणेत हेच बजावले आहे की श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीची किंवा आडमार्गाची छायाही असू नये, आणि गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर मुळीच नको. ज्या आश्रयामागे छुपा हेतू असतो तो 'टेक इन'च्या दुसऱ्या अर्थाने असतो. त्या म्हाताऱ्याने मला चहा दिला तेव्हा माझ्याकडून त्याला काही हवे नव्हते. प्रार्थना मागितली ती बशी रिकामी झाल्यावर.

आता फसवणारे दारात येतही नाहीत. ते फोनमधून येतात. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षिकेला पोलीस असल्याचे भासवून कोणीतरी चार तास मोबाईलसमोर बसवून ठेवले. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, कोणताही खरा अधिकारी फोनवर अटक करीत नाही आणि ओटीपी मागत नाही, हे मी मिस्सेनंतरच्या सूचनांत वरचेवर सांगतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे फसलेल्या माणसाला हसू नये. त्या बाईंनी आठ दिवस मुलालाही सांगितले नाही, लाजेपोटी. फसलेल्या माणसाला आत घेणे हेही परक्याला घरात घेण्यासारखेच आहे. लाजेने तो आपल्याच माणसांत परका झालेला असतो.

इथल्या धर्मग्रामात आल्यावर मी मंडळापुढे ही सारी कथा ठेवली. आज आमच्या आवारात दोन खाटांची एक खोली आहे, रुग्णालयात येणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी. ती मी सांभाळत नाही. आमच्या मावशी आणि एक निवृत्त पोस्टमन सांभाळतात. ओळखपत्र पाहतात, वहीत नोंद करतात, हातात पैसे देत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी रोग्याला भेटायला जातेच. जात-धर्म विचारीत नाहीत. गेल्या काही वर्षांत दोघांनी आम्हाला फसवले. एकाने चादर नेली, दुसऱ्याने पंखा. हिशेबाच्या वहीत मी ते 'आतिथ्य खर्च' या सदरात टाकले आहे.

त्या मुलीला मी पुढच्या रविवारी पुन्हा बोलावले आणि सांगितले, "बाळ, तुझा प्रश्न मी हसण्यावारी नेला, ते चुकले. तुझ्या मॅडमचा अर्थ बरोबर आहे आणि आजोबांच्या बायबलातला अर्थही बरोबर आहे. परीक्षेत दोन्ही लिही. पण दारात कोणी उभे असेल, तर तो कोणत्या अर्थाने आला आहे हे आधी कळत नाही. आपण कोणत्या अर्थाने दार उघडायचे, एवढेच आपल्या हाती असते."

ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "फादर, मग खोलीतला पंखा नवीन आणायचा का? थंडी संपली की लागेल."

आम्ही पंखा आणला आहे. आणि ती खोली रात्री आतून बंद होते, बाहेरून नव्हे.